लेओनिल्देबाईंचा चांदीचा पेला

१

लेओनिल्दे मोरान्दोत्ती रंगमंचावर जाण्याआधी डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण करायच्या आणि चांदीच्या पेल्यातला कॅमोमाइलचा काढा एका दमात रिकामा करायच्या. दोन घोटांत नाही, चवीचवीने नाही. एका दमात. मिलानच्या त्या नाट्यगृहात ही गोष्ट पडदा ओढणाऱ्यापासून दारातल्या फुलवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. कारण लेओनिल्देबाईंची एखादी गोष्ट लोकांना ठाऊक नसावी, अशी सोयच त्यांच्या चाहत्यांनी ठेवली नव्हती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी गानसभा होती. सभागृह भरलेलं, वादक सज्ज, आणि रेडिओवाल्यांनी आपले ध्वनिग्राहक लावून ठेवलेले. गाणं थेट साऱ्या इटलीत ऐकू जाणार होतं. विंगेत बाईंचे करार सांभाळणाऱ्या नवऱ्याने, कातेल्लो इओव्हिनेने, शुभेच्छेच्या रिवाजाप्रमाणे म्हटलं, "लांडग्याच्या जबड्यात!"

"मरो तो लांडगा!" रिवाजाप्रमाणेच उत्तर देऊन बाईंनी डोळे मिटले आणि पेला वर केला.

पुढच्या क्षणी त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला, त्याला मिलानमधल्या एकाही समीक्षकाला 'स्वर्गीय' म्हणता आलं नसतं. पेला जमिनीवर घरंगळला. बाई गळा धरून खाली बसल्या. ओठ टरारून सुजले, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि आवाज म्हणाल तर फाटक्या भात्यातून निघावी तेवढी हवा.

बाईंना कपडे नेसवणाऱ्या म्हाताऱ्या आर्मिदाने पेला उचलून हुंगला.

"मिरची!" ती किंचाळली. "मिरचीचं तेल ओतलंय कुणीतरी!"

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. विंगेच्या कोपऱ्यात फिलोमेना स्कोर्दो उभी होती. ती दक्षिणेकडच्या कालाब्रियाची. बाई आजारी पडल्याच तर त्यांच्या जागी गायला ठेवलेली मुलगी. तिची आई गावाहून मिरचीच्या तेलाच्या बाटल्या पाठवायची, आणि ते तेल ती नाट्यगृहाच्या बेचव पावावर ओतून खायची, म्हणून हसून हसून मिलानकरांची पोटं दुखलेली.

आता मात्र कोणी हसलं नाही.

२

काराबिनिएरी पोलीसदलाच्या मार्शल एर्सिलिया बोन्फान्ती यांना निरोप पोचला तेव्हा त्या चर्चमधून वधस्तंभाच्या वाटेची प्रार्थना आटोपून बाहेर पडत होत्या. ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार, मिलानच्या वेद्या मुक्या, आणि पोटात सकाळपासून पावाचा एक तुकडा. अशा दिवशी ऑपेरावाल्यांच्या तोंडी लागणं हे त्यांना वेगळंच प्रायश्चित्त वाटलं. ऑपेरा त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. त्यात एक क्षयाने मरणारी बाई मरेपर्यंत इतक्या जोरात गात होती, की शेवटी मार्शलबाईंना तिच्या फुप्फुसांचा हेवा वाटला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी कातेल्लोला विचारलं.

"जीव वाचला. आवाजही परत येईल, महिन्याभरात." कातेल्लो नापोलीचा, गोल अंगाचा, हातांनी बोलणारा माणूस; आज मात्र हात खिशात होते. "वरचे स्वर येतील की नाही, ते देव जाणे. मार्शलबाई, तुम्ही वेळ कशाला घालवता? पोरीच्या खोलीत बाटली सापडली आहे. रिकामी! बाईंच्या कपडे नेसवायच्या खोलीला लागूनच तिची खोली. आज बाई गाऊ शकल्या नसत्या तर कोण गाणार होतं? सांगा बरं!"

"मग ती गायली का?"

"तिला स्टेजवर पाऊल टाकू देतो की काय मी! करार फाडला मी तिचा. तिथल्या तिथे."

"म्हणजे तिने गायला मिळावं म्हणून केलं, आणि स्वतःचीच बाटली वापरून स्वतःच अडकली," मार्शलबाई शांतपणे म्हणाल्या. "फारच कसलेली गुन्हेगार."

आर्मिदाची हकीकत सरळ होती. काढा करून, पेल्यात ओतून, वर बशी झाकून ती झगा इस्त्री करायला तळघरात गेली. तेव्हा चार वाजून गेले होते. ती परत आली ती गाणं सुरू व्हायच्या जरा आधी. "खोलीला कुलूप नसतं हो. बाईंना भेटायला माणसं येतात ना! फुलं घेऊन, स्तुती घेऊन. स्तुतीला कुलूप लावून कसं चालेल?"

त्या वेळात कातेल्लो रेडिओवाल्यांशी हुज्जत घालत होता. सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं, नव्हे, ऐकलं होतं. लेओनिल्देबाई रंगमंचावर वादकांबरोबर शेवटच्या तालमीत होत्या. उरली फिलोमेना.

ती आपल्या चिंचोळ्या खोलीत खुर्चीवर ताठ बसली होती. डोळे कोरडे. रडायचं ते बहुधा आधीच आटोपलं होतं.

"कुठे होतीस गं तेव्हा?"

"सरावाच्या खोलीत. जमिनीवर पडून श्वास मोजत होते. एकटीच."

"म्हणजे साक्षीदार नाही."

"नाही." मग ती एकदम उसळली. "मला कुणाचा गळा जाळायचा असता तर माझ्या आईची बाटली वापरली असती का मी? एवढी मूर्ख दिसते का?"

"मूर्ख दिसणं हा गुन्हा असता," मार्शलबाई म्हणाल्या, "तर या इमारतीतून आज संध्याकाळी मी एकटीच मोकळी घरी गेले असते. हात दाखव."

फिलोमेनाने हात पुढे केले. स्वच्छ, कोरडे.

"जेवलीस आज?"

"दुपारी. पाव आणि तेल. बाटली तेव्हा अर्धी होती. आणि हात धुतले, आधी तेलाने, मग साबणाने. आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी हे शिकतं. मिरचीचा हात डोळ्याला लागला तर पाण्याने काही होत नाही, उलट आग पसरते." तिचा स्वर खाली आला. "मार्शलबाई, माझ्या बापाने ऑलिव्हची झाडं दुसऱ्याला कसायला देऊन मला इथे पाठवलं. मी उद्या गावी गेले आणि माझ्या नावावर हे असलं, तर तिथल्या चर्चमध्येसुद्धा मला कोणी गाऊ देणार नाही."

मार्शलबाईंनी बाटली रुमालात गुंडाळली. दार उघडलं तर बाहेर कुणीतरी हुंदका देत उभं होतं.

३

कोमेंदातोरे हा सरकारी किताब मिरवणारे ओत्तोरिनो कास्नेदी. मिलानच्या सर्वांत मोठ्या वर्तमानपत्राचे संगीतसमीक्षक. पांढरीशुभ्र दाढी, कोटाच्या काजाला कॅमेलियाचं पांढरं फूल, आणि बोलताना प्रत्येक वाक्य जणू छापखान्यात जाणार आहे अशा थाटाचे उसासे. वीस वर्षं त्यांनी लेओनिल्देबाईंची इतकी स्तुती केली होती की बाईंचं नाव आणि त्यांची विशेषणं वेगळी करायला सुतार लागला असता. वसंतात त्या स्तुतीचं पुस्तकही निघायचं होतं.

"मार्शल, आज एक मंदिर जाळलं गेलं." डाव्या डोळ्यावर रुमाल दाबून ते म्हणाले. "तो गळा नव्हता हो, ते पवित्र पात्र होतं! मी बातमी ऐकली तेव्हापासून अश्रू थांबत नाहीत. थंड पाण्याने धुतले, तरी थांबत नाहीत."

"बसा ना," मार्शलबाई म्हणाल्या.

रुमाल क्षणभर बाजूला झाला. डावा डोळा पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल आणि सुजून बारीक झालेला. उजव्या डोळ्याने मात्र ते मार्शलबाईंना अगदी नीट न्याहाळत होते.

"चार वाजल्यानंतर तुम्ही कुठे होतात, कोमेंदातोरे? नुसतं लिहून ठेवायला विचारते. सगळ्यांनाच विचारते आहे."

"मी?" ते दुखावून हसले. "मी देवाच्या घरी होतो. तिच्या प्रत्येक गाण्याआधी मी मिस्सेला जातो. आजही गेलो. माझ्याच सान एउसेबियोमध्ये. गुडघे टेकले, प्रसाद घेतला आणि म्हटलं, प्रभो, आज साऱ्या इटलीला तिचा आवाज ऐकू दे." त्यांनी रुमाल पुन्हा डोळ्यावर दाबला. "आणि प्रभूने काय ऐकलं पाहा!"

"तिथून थेट इकडे?"

"थेट. दारातून आत आलो तर आक्रोश. मी तर म्हणतो, त्या मुलीला दोष देऊ नका. दक्षिणेची माणसं. त्यांच्या अंगात ऊन असतं. ती अशीच वागणार."

कातेल्लो नापोलीचा, म्हणजे दक्षिणेचाच होता. तो तिथेच उभा होता. त्याने मान डोलावली. काही माणसांना अपमान झाल्याचं कळायलाही लेखी नोटीस लागते.

"तुम्ही फार उदार आहात," मार्शलबाई म्हणाल्या आणि वहीत एकच शब्द लिहिला.

"अटक केव्हा करताय?" कातेल्लोने विचारलं.

"उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. "बाईंच्या घरी. त्यांच्यासमोर. मुलीला मी घेऊन येते. कोमेंदातोरे, तुम्हीही या. असे प्रसंग तुमच्या लेखणीशिवाय अपुरे राहतात."

४

जाण्याआधी त्या नेसवायच्या खोलीत थोडा वेळ एकट्या बसल्या. आरशाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती चौकटींनी भरल्या होत्या. चौकटीत देवांच्या तसबिरी असतील असं वाटून त्या उठून जवळ गेल्या. तसबिरी नव्हत्या. वर्तमानपत्रांची कात्रणं होती. सगळी कास्नेदींची. माणसाला उशाशी स्वतःचीच स्तुती टांगून जगता येतं, हे पाहून त्यांनी मनात एक 'हे मरिये' म्हटलं आणि वाचायला सुरुवात केली.

आरशाजवळची कात्रणं पिवळी पडलेली. 'शेवटचा उंच स्वर तिने असा घेतला की छतावरच्या चितारलेल्या देवदूतांनी खाली पाहिलं.' 'वेडाच्या प्रसंगात तिच्या ताना काचेच्या मण्यांसारख्या सुटल्या. एकही मणी हरवला नाही.' भाषा गोडमिट्ट होती, पण माणसाने कान देऊन ऐकलेलं दिसत होतं.

दाराकडे येता येता कागद पांढरा होत गेला. 'निळ्या मखमलीची प्रत्येक घडी गात होती.' 'तिने ओंजळ उचलली आणि सभागृहाने श्वास रोखला.' अगदी दाराजवळचं, मागच्याच मोसमातलं: 'इतर गायिकांच्या गाण्यापेक्षा तिचं मौन अधिक सुरेल आहे.'

मार्शलबाईंनी पुन्हा आरशापासून दारापर्यंत वाचलं. झगे, हात, मान, पावलं, नजर, विराम, मौन. दारापाशी पोचेपर्यंत त्या गायिकेच्या स्तुतीत गाणं उरलं नव्हतं.

भिंतीवर रेडिओवाल्यांचा फलक अजून लटकत होता: थेट प्रसारण.

"रेडिओवर झगा दिसत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि दिवा मालवून सान एउसेबियोच्या पाद्रीबाबांना फोन करायला बाहेर पडल्या.

५

सकाळी लेओनिल्देबाई आपल्या दिवाणखान्यात उशांच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. गळ्याला रेशमी फडकं, मांडीवर पाटी आणि खडू. बोलायला डॉक्टरांची मनाई. फिलोमेना दाराशी उभी होती; तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. आर्मिदाने कॉफी आणि गोड करंज्या आणल्या. मार्शलबाईंनी हात जोडून नको म्हटलं.

कास्नेदी आले. डोळा अजून लालच होता. त्यांनी बाईंचा हात चुंबला.

"मी रात्रभर रडलो, सिन्योरा."

"एकाच डोळ्याने?" मार्शलबाईंनी विचारलं.



"काल मी वहीत एकच शब्द लिहिला होता, कोमेंदातोरे. 'डावा.' माणूस दुःखाने रडतो तेव्हा दोन्ही डोळे रडतात. एक डोळा रडतो तो मिरचीने. ही मुलगी कालाब्रियाची, सिन्योर इओव्हिने नापोलीचे. मिरचीला हात लावून डोळा चोळणार नाहीत, आणि चुकून चोळलाच तर पाण्याने धुणार नाहीत. हे काम ज्याने आयुष्यात मिरची ताटाच्या कडेला सारली, त्याचं."

"हास्यास्पद!" कास्नेदी म्हणाले. "मी मिस्सेला होतो. प्रसाद घेत होतो!"

"काल शुक्रवार होता."

"मग?"

"उपासकाळातला शुक्रवार." मार्शलबाईंचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "तुम्ही मिलानचे. आपल्या संत अँब्रोजच्या प्रथेत या दिवसांतल्या शुक्रवारी मिस्सा होतच नाही. कुठल्याच चर्चमध्ये नाही, बिशपसाहेबांच्याही नाही. प्रसाद दिला जात नाही. नापोलीत होते, रोममध्ये होते, म्हणून काल तुमचं बोलणं सिन्योर इओव्हिनेंच्या कानाला खटकलं नाही. पण जो माणूस वीस वर्षं आपल्या लेखांत वेदी, मंदिर, पवित्र पात्र असले शब्द मिठासारखे भुरभुरतो, त्याने वर्षातून एकदा तरी चर्चचं दार ढकलून पाहायला हवं होतं. सान एउसेबियोच्या पाद्रीबाबांना मी विचारलं. म्हणाले, कास्नेदींना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या लग्नात."

कातेल्लोचे हात खिशातून बाहेर आले.

"तुमचा रुमाल द्याल का जरा?"

कास्नेदींनी रुमाल दिला नाही. मार्शलबाईंनी तो त्यांच्या कोटाच्या खिशातून अलगद ओढला. कडेला तांबूस तेलकट डाग होता, धुऊन फिका झालेला.

"मिरचीच्या तेलाचा डाग पाण्याने जात नाही," दारातून फिलोमेना हळूच म्हणाली.

"पण का?" कातेल्लो ओरडला. "अहो, तुम्ही? तुमच्याएवढं हिचं कौतुक—"

"म्हणूनच," मार्शलबाई म्हणाल्या. "काल साऱ्या देशाने नुसता आवाज ऐकला असता. झगा नाही, ओंजळ नाही, मौन नाही. आणि मग लोकांनी विचारलं असतं, कास्नेदी इतकी वर्षं काय ऐकत होते? वसंतात पुस्तक निघायचं. स्तुती वाचवायची तर गाणं बंद पाडायला हवं होतं."

कास्नेदी खुर्चीत बसले. क्षणभर ते नुसतेच म्हातारे दिसले. मग सवय परत आली.

"सिन्योरा, मी तुमच्यासाठी केलं. तुमच्या प्रतिमेसाठी! अजूनही वेळ गेलेली नाही. मार्शल, जरा व्यवहाराने पाहा. ही पोरगी... हिला कोण ओळखतं? ती गावी जाईल, लग्न करेल, विसरून जाईल. पण या नावाला धक्का लागला तर मिलानजवळ उरतं काय? ती नाही म्हणणार नाही. विचारा तिला, किती पैसे हवे आहेत."

आणि कातेल्लो इओव्हिने, ज्याने आत्ताच मुठी वळल्या होत्या, तो विचारात पडला. मार्शलबाईंनी ते पाहिलं. आयुष्यात त्यांनी खुनी पाहिले होते, दरोडेखोर पाहिले होते. त्यांच्यासाठी त्या रोज संध्याकाळी जपमाळेचे दहा मणी ओढत. या दोघांसाठी आज किती ओढावे लागतील, याचा त्यांना अंदाज येईना.

"तक्रार बाईंची आहे," कातेल्लो पुटपुटला. "बाईंनी ठरवायचं. नाही का, लेओनिल्दे? आपल्याला तमाशा नको..."

लेओनिल्देबाईंनी पाटी उचलली. खडू हातात घेतला. मग दोन्ही बाजूला ठेवले.

"कधीपासून?" त्या म्हणाल्या.

खरखरीत, चिरका, जेमतेम कानावर पडणारा स्वर. आर्मिदा पुढे धावली. बाईंनी हातानेच तिला थांबवलं.

"कधीपासून ऐकू येतंय तुम्हाला?"

कास्नेदींनी मान खाली घातली. "सहा वर्षं."

"मला सात." बाईंनी श्वास घेतला, तो घेतानाही दुखत असावं. "रोज रात्री घरी यायचे आणि म्हणायचे, आवाज संपला. सकाळी तुमचं वाचायचे. म्हणायचे, माझेच कान गेले असतील. इतका मोठा माणूस खोटं कशाला लिहील?" त्या थांबल्या. "तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी मानाने उतरले असते. घेऊन जा यांना, मार्शलबाई. माझी तक्रार यांच्यावर आहे."

"लेओनिल्दे! लोक काय—"

"तू गप्प बस, कातेल्लो. आणि तिचा करार पुन्हा लिही. रेडिओवाले पुढच्या आठवड्यात येणार आहेत ना?"

कास्नेदी उठले. दाराशी त्यांना फिलोमेनाच्या अंगावरूनच जावं लागलं. ते थबकले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने असेल, त्यांच्या तोंडून निघालंच, "मुली, तुझी मान मात्र सुंदर आहे."

"चला," मार्शलबाई म्हणाल्या.

त्या कोमेंदातोरेंना जिन्यावरून खाली नेत होत्या तेव्हा वर दिवाणखान्यात आवाज उमटला. फिलोमेना गात होती. कालच्या सभेतलं पहिलंच गीत असणार. स्वर जिन्यातून खाली आला, सरळ, न सजवता. मार्शलबाईंना गाण्यातलं काही कळत नव्हतं. तरी त्या एक पायरी थांबल्या.

गाणं मध्येच तुटलं. आणि फाटक्या भात्यातून यावी तशी हवा शब्द होऊन आली:

"खालचे स्वर कच्चे आहेत. श्वास चोरतेस. पुन्हा."

त्यावर कोणीतरी हसल्याचा आणि त्याच दमात रडल्याचा आवाज आला. दोन्ही डोळ्यांनी.

मग फिलोमेनाने पुन्हा सुरुवात केली.